तळघरात अडकलेला नट

तात्यापारा, रायपूर
१० जून २००२

ती. विनोदिनीआत्यास,
शि. सा. न.

पुण्याच्या चित्रपट संस्थेतून संकलनाच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय, २ जुलैचं. बाबा नाही म्हणतात. रायपूर राजधानी झालं, मंत्रालयात जागा निघून राहिल्या, तू काहून जातं पुण्याले, हा एकच धोशा. मार्कशीट अलमारीत आणि किल्ली त्यांच्या जानव्याला! आई गेल्यापासून मी दारापर्यंत गेले तरी हाक येते. जीव गुदमरतो गं.

मुलाखतीत त्या जुन्या फ्रेंच चोरीपटावर विचारतील. तू चित्रपट संग्रहालयात कामाला आहेस, तो कसा केला ते लिही. बाबांनाही समजव. तुझं पत्र नेहमीसारखं तेच फोडून चहाच्या वेळी मोठ्याने वाचतील.

वाट बघणारी,
श्रावणी

पुणे
१८ जून २००२

चि. श्रावणीस,
अनेक आशीर्वाद.

त्या चोरीपटाची गंमत ऐक. बँकेचं पोलादी दार पुठ्ठ्याचं होतं, जडपणा सगळा नटांच्या घामाचा. चोराचे जवळून दिसणारे हात एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याचे. त्याला रोज जेवायला घरी जायचं असे, म्हणून तो प्रसंग अकरा दिवस चालला!

तळघर मात्र खरं होतं. चोर आत अडकतो त्या प्रसंगाच्या दिवशी कडी खरोखर अडकली. नट आतून दार बडवतोय आणि बाहेर सगळे म्हणतायत, काय अभिनय आहे! रीळ संपेपर्यंत कोणी उठलं नाही.

श्यामदादा, हे तुझ्यासाठी. पोरगी किती गुणाची, हे तू गावभर सांगतोस. ती आतून दार बडवते आहे. तिला पाठव, माझ्याकडे राहील.

दोघांवर जीव असलेली,
विनोदिनी

तात्यापारा, रायपूर
४ जुलै २००२

चि. विनोदिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र २३ ला मिळालं, चहाच्या वेळी वाचलं. कुलूपवाल्याला श्रावणी पोट धरून हसली. पुढे माझं नाव दिसलं आणि मी घडी घातली. आत्यानं तुम्हाले काहीच नाही लिहिलं का, असं तिनं दोनदा विचारलं. काहीच नाही, म्हणालो.

परवा दोन तारीख होती. सकाळीच न्हाऊन, चांगली साडी नेसून तिनं पोळ्या केल्या आणि दिवसभर त्याच साडीत ओट्यापाशी बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. अजून बोलत नाही. मी घाबरलोय. तुझ्या वहिनीमागे या घरात तिचाच आवाज होता, तो जाऊ नये म्हणून तर तिला धरून ठेवलं.

संस्थेत विचार, मुलाखत उशिरा घेतील का. घेत असतील तर मीच आणून सोडतो. नाही म्हणाले तर तेही तिलाच कळव. पत्र तिच्या नावाने टाक, मी फोडणार नाही.

लोभ असावा म्हणायला आज तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा,
श्यामदादा