तोंडाचा मुखत्यार

प्रिय अनारकान,

फोन सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू हल्ली ‘बरी आहे गं, दूध उतू जातंय’ म्हणून ठेवून देतेस. तुझ्या कोचकोरच्या गाई एवढं दूध कधीपासून द्यायला लागल्या कोण जाणे. म्हणून कागदावर लिहितेय. चहा ओतून घे, दार लावून घे आणि बस.

माझ्या खालच्या जबड्यात, दाढेपासून पुढच्या दातांच्या मुळांपर्यंत गाठ होती आणि ती बिश्केकला कापून काढली, एवढं तुला ठाऊक आहे. सोबत एक दाढही गेली. दाढेचं मला काही नाही, ती नुसती खायच्या कामाची. धाकधूक होती ती पुढच्या दातांची. आपला तेमिर-कोमुझ दातांना टेकवून, त्याची लोखंडी पाती बोटाने छेडून वाजवायचा, आणि दातच हलले तर ते लोखंड नुसतं खिशात बाळगायचं. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर हसेल, पण तू हसणार नाहीस. भूल उतरल्याबरोबर मी आधी जिभेने पुढचे दात चाचपले, मग नवऱ्याची चौकशी केली. आमचा म्हातारा अजून ते सगळ्यांना सांगत फिरतो. दात जागेवर होते, पण डॉक्टर म्हणाल्या की आतलं हाड भरून येईपर्यंत काही सांगता येत नाही, आणि ते भरेल की नाही हे निम्मं आमच्या हातात आणि निम्मं तुमच्या घरच्या वागण्यावर.

आता माझं घरचं वागणं तुला माहीत आहे. पहिला दिवस गुळणी नाही, थुंकायचं नाही, जखमेवर कापसाची घडी दाबून गप्प बसायचं. गप्प! मी! सागिन म्हणाला, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं. गालावर गार शेक द्यायचा होता, तर या माणसाने बर्फ करत बसण्यापेक्षा फ्रीजरमधलं मेंढीचं मटण टॉवेलात गुंडाळून आणलं. शेक झकास बसला, पण मांजर दिवसभर माझ्या उशाशी. डोकं उंच ठेवून झोपायचं म्हणून त्याने घरातल्या सगळ्या गाद्या एकावर एक रचल्या आणि मला वर बसवलं. वरून मला बाजारपेठेपर्यंतचं अर्धं नारिन गाव दिसत होतं. तिसऱ्या दिवशी गाल आणखीनच फुगला. मी आरशात बघितलं आणि रडले, संपलं सगळं म्हणून. मग आठवलं, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सूज आधी वाढते आणि मग उतरते. ऐकलं होतं मी, पण स्वतःचा गाल फुगला की ऐकलेलं कुठे आठवतं?

सगळ्यात वाईट काय होतं, सांगू? कोमट चहा. कढत चहा बंद, जखमेतलं रक्त पुन्हा वाहू लागतं म्हणून. नळीने ओढून पिणंही बंद. दिवसभर साय, कुस्करलेला बटाटा, गार केलेला रस्सा. चहा कोमट होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, आणि आलेल्या माणसांसमोर तो प्यायचा. आपल्यात कोमट चहा नकोशा पाहुण्याला देतात, ते तुला सांगायला नको.

आणि माणसं तर येणारच. जबडा कापलाय म्हटल्यावर अख्खी आळी बघायला आली. येताना प्रत्येकीच्या हातात काहीतरी. चौथ्या घरची दामिरा आली ती बोरसोकांचं ताट घेऊन, कणकेचे गरमागरम तळलेले तुकडे, तिच्या नातवाच्या बारशाचे. मी हाताने खूण केली, तोंडाकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा पडला. एवढंच म्हणाली, ‘माझ्या नातवाचा घास परत पाठवतेस, बुरूल?’ आता तूच सांग. दारातून जाणारा परकाही आपल्याकडे नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय पाऊल उचलत नाही, आणि हा तर नुकत्याच जन्मलेल्या पोराचा घास. तो नाकारायची माझी हिंमत झाली नाही. एवढासा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. त्याचा कडक कोपरा नेमका टाक्यांत घुसला.

रक्त, अनारकान. माझ्या मांडीवर, तिच्या ताटात. दामिरा रडायला लागली, आणि मला एकच दिसत होतं, की टाके गेले आणि दात गेले. सागिनने फोन लावला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, ताठ बसवा, स्वच्छ घडी ओली करून जखमेवर ठेवा, दातांनी दाबून धरायला सांगा, आणि सारखं उचलून बघू नका. सारखं उचलून बघायचं नाही, हेच सगळ्यात कठीण. पण थांबलं. सगळं थांबेपर्यंत दामिरा माझा हात धरून बसली होती.

त्या दिवसापासून सागिनने उंबऱ्याजवळच गादी टाकली. येईल त्याला सांगायचा, हिच्या तोंडाचा मुखत्यार मी, घास माझ्याकडे द्यावा. आणि खायचा. बोरसोक, नान, साय, जॅम, कुणाच्या सुनेने केलेला केक. आधी लोक बिचकले. मग एका म्हातारबुवांनी विचार करून सांगितलं की नवरा-बायकोचं ताट एकच, तेव्हा चालतं. झालं, रांगच लागली. मी गाद्यांवर बसून वाळत चाललेली आणि हा खाली फुगत चाललेला. आजारी कोण ते नव्या माणसाला कळत नव्हतं. पण त्याने एकही तुकडा माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो मिठाचं कोमट पाणी करून जेवणानंतर माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, हळू, नुसतं फिरव, खळखळू नकोस. मला तेव्हा त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नात वाटलं नव्हतं. हे त्याला सांगू नकोस.

टाके निघाले. मग कितीतरी आठवडे नुसती वाट बघणं. लोखंड दातांना लावायचं नाही म्हणून कोमुझ मी सागिनकडे लपवायला दिला, आणि त्याने तो इतका छान लपवला की त्यालाच सापडेना. गेल्या मंगळवारी नवा एक्स-रे निघाला. हाड भरतंय. पुढचे दात पक्के आहेत. हलक्या हाताने वाजवा, डॉक्टर म्हणाल्या. घरभर शोधून कोमुझ सापडला तेव्हा मी वाजवला. अगदी वाईट वाजला. जीभ विसरली होती, ओठ जड होते, सागिनने खोटंखोटं कौतुक केलं. पण वाजला गं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या मीरिमचा फोन आला होता. सुनेवर चिडू नकोस, पोरगी बोलताना रडत होती. वसंतात तू बोटं दुखतात म्हणून वाजवायला आली नाहीस. बोटं दुखत नव्हती. हिवाळ्यापासून तुझा जबडा सुजलाय, तू एकाच बाजूने चावतेस, आणि घरातही रुमाल गालावर ओढून बसतेस. मीरिमला तू म्हणालीस की दात गेले तर माझं उरतं काय. त्यासाठीच मी तुला सगळं बारीकसारीक लिहिलं, की बघ, माझं उरलं. पण तू दातांना घाबरत नाहीस, अनारकान. मी तुला ओळखते. मीही दातांचंच नाव घेत होते. माझी गाठ तपासायला पाठवली होती आणि निकाल येईपर्यंत मी ते सागिनशीसुद्धा बोलले नाही. साधी निघाली. तुझीही साधीच निघेल असं मी लिहिणार नाही, मला माहीत नाही. पण माझ्याच डॉक्टरांकडे तुझ्यासाठी येत्या गुरुवारची वेळ मी घेतली आहे. मीरिम तुला आणेल, मी दारात उभी असेन. साधी निघाली तर जखम भरेपर्यंत माझ्याकडे राहायचं. साधी नाही निघाली तरी माझ्याकडेच राहायचं.

तुझीच,
बुरूल