शेणावरची पिल्लं

९ जानेवारी १९४४
आज पुन्हा एक गेलं. पाय दुमडून बसतात, पंख लोंबतात, मग मान टाकतात. फौजेत जायच्या आधी ह्यांनी अकोल्याहून ही कोंबड्यांची पांढरी पिल्लं आणली. म्हणाले, "मी येईपर्यंत सांभाळजो." सांभाळते आहे कुठे!

११ जाने.
भाऊ आला. अकोल्यात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. म्हणे, नुसत्या ज्वारीवर नि सरकीच्या ढेपेवर ही जगायची नाहीत, सुक्या मासळीचा चुरा पाहिजे. लढाईपायी तो मिळत नाही. मग हळूच, "ताई, गाईचं शेन वाळवून, कुटून, चाळून मूठभर खाद्यात टाकून पाह्य. आमच्या सायबानं कुठंतरी वाचलं."
खात्री?
"खात्री कोन देते?"

१३ जाने.
सासूबाईंनी कुटताना पाहिलं.
"गाईचं शेन कोंबड्याईले चारून राहिली? डोकं फिरलं काय तुयं? त्यानं मी देवघर सारवतो!"
चाळणी अंगणात फेकली. मीही ओरडले, पहिल्यांदाच. "पिल्लं मेली तर तुमच्या लेकाले काय तोंड दाखवू?"
त्या जेवल्या नाहीत. मीही नाही.

१४ जाने.
सकाळी गोठ्यातून सासूबाईंचा आवाज, "गाईचं नाई देनार. बैलाचं ने."
हसावं की रडावं. बैलाचं चालतं का? कोणाला विचारू? नेलं.

२८ जाने.
खातात. आधी भीती, शेणानंच मेली तर दोष माझाच. पण मरणं थांबलंय. आज पायाशी धावत आली. कोणाला बोलले नाही. दृष्ट लागायची.

५ फेब्रु.
ह्यांचं पत्र नाही. सासूबाई विचारत नाहीत. पोस्टमन पुढे गेला की उठून गोठ्यात जातात.

८ फेब्रु.
तुरा फुटलेला कोंबडा, सगळ्यांत दांडगा, आज पाय दुमडून बसला. शेण खाऊनही. म्हणजे इतके दिवस नुसतं नशीब?
सासूबाईंनी माझ्याआधी पाहिलं होतं. कोंबड्यांचा विटाळ मानणाऱ्या त्या, त्याच्याजवळ बसल्या. पदरानं चोच पुसली. मग गोठ्यातून गाईचं शेण पाटीत आणून माझ्यापुढे ठेवलं.
"याच्यानं उठन काय तो?"
"मले नाही माहीत."
"वाळाले टाक. ऊन हाये अजून."
टाकलं. पातळ पसरलं, लवकर वाळावं म्हणून. दोघी तिथंच बसलो.