बसायची खुर्ची

प्रिय पाचर,

तू फोनवर विचारलंस त्याला तीन आठवडे झाले. सिनेमाचा दुसरा भाग निघतोय, तशीच एक न मोडणारी खुर्ची हवी आहे, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत करशील का बाबा, असं तू विचारलंस. मी ‘बघू’ म्हणालो आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला. त्यानंतर दोनदा तू आईकडून चाचपून पाहिलंस की बाबा अजून रुसलेत का. मी रुसलेलो नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. खुर्चीचं उत्तर शेवटी दिलं आहे. तू पहिल्यांदा शेवटचं पान उघडणार, हे मला ठाऊक आहे. दोन माणसं बसलेली दिसली की मधे घुसायचीस म्हणून तर तुझं नाव पाचर पडलं, थांबणं तुला कधी जमलंच नाही. पण एवढं एक पत्र ओळीने वाच.

पहिली गोष्ट म्हणजे मी तुझ्याशी खोटं बोललो. पहिल्या भागाच्या पहिल्या खेळाला तू आम्हा दोघांना बोलावलंस आणि मी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिलो. गुडघा ठणठणीत होता. आठवड्याभराने दुपारी वर्कशॉपला कुलूप लावलं, आईला सांगितलं की बिजागऱ्या आणायला जातो, आणि थिएटरात जाऊन शेवटच्या रांगेत बसलो. ठरवून गेलो होतो की हसायचं नाही. पण तो तुमचा पन्नाशीचा नायक उडी मारून खाली आला, त्याचे गुडघे करकर वाजले आणि तोच दचकून आवाज कुठून आला ते बघायला लागला, तिथे माझा निश्चय ढासळला. गुंड बारा, पण अंगावर येतात एकेक करून. बाकीचे मागे जागच्या जागी उड्या मारत पाळी येण्याची वाट बघतात, त्यातला एक तर शेजारच्याला अदबीने ‘आधी तुम्ही’ म्हणतो. एकाला लाथ लागतच नाही, तरी सवयीने उडून भिंतीवर आपटतो आणि नायक बिचारा ओशाळतो. आणि त्या हॉटेलातलं सामान! गुंडाने दमून टेबलाला कोपर टेकलं की टेबल गेलं. दाराला पाठ लावली की दार गेलं. हॉटेलमालक आतून नव्या खुर्च्या आणतोय, पुसून मांडतोय, पुन्हा आत जातोय. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

तुला आठवतं का, तू सहा-सात वर्षांची असताना आपण तिघं मारामारीचे सिनेमे बघायला जायचो? हौस तुझ्या आईची. एरवी घरात मोठ्याने न बोलणारी बाई तिथे खुर्चीच्या टोकावर येऊन नायकाला ‘अरे मागे बघ, मागे’ म्हणून ओरडायची. मी मात्र पडद्यावर मोडलेलं सामान मोजत बसायचो. त्या टेबलाचं काय चुकलं होतं, असं मी पुटपुटलो की आई मला कोपर मारायची. एकदा नायकाने गुंडाच्या पाठीत खुर्ची घातली, तिचे आठ तुकडे झाले, आणि मी न राहवून म्हणालो, की खुर्ची बसायची असते, आणि खरी असेल तर माणूस मोडेल, ती नाही मोडणार. आमच्या दोघांच्या मधे बसून तू सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं विचारलंस, ‘बाबा, मग ही कोणी केली?’ मी म्हणालो, ‘ज्याला खुर्ची करता येत नाही त्याने.’ लोक हसले. मलाही आपण फार मोठं बोललो असं वाटलं होतं.

म्हणून तू जेव्हा सांगितलंस की मी सिनेमाच्या सामानाचं काम शिकते आहे, मारामारीत मोडायच्या खुर्च्या करणार आहे, तेव्हा मला ते तोंडात मारल्यासारखं झालं. तुझ्या हातात मी पटाशी दिली तू दहा वर्षांची असताना. तुझा पहिला सांधा माझ्या पहिल्या सांध्यापेक्षा घट्ट बसला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. आणि तोच हात मोडायच्या वस्तू करणार! मी त्या दिवशी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. तू ऐकून घेतलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. पुढची चार वर्षं कोणी तुझी चौकशी केली की मी ‘फर्निचरमध्ये आहे’ एवढं सांगून विषय बदलायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुझी आई मला उद्देशून किती वेळा म्हणाली असेल त्याला गणती नाही.

मग एक दिवस तू आलीस आणि म्हणालीस, की कोणालाही मोडता येणार नाही अशी खुर्ची हवी आहे. कशासाठी, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, आली शेवटी बापाकडे. खुमखुमीच आली म्हण ना. पंधरा वर्षं माळ्यावर सुकत ठेवलेलं लाकूड काढलं. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, नुसते सांधे. झाल्यावर माझ्या नेमाप्रमाणे तिच्यावर बसलो, मागच्या दोन पायांवर रेललो आणि वीस आकडे मोजले. तुला तर माहीतच आहे, चाळीस वर्षांत मी स्वतः बसून न पाहिलेली एकही खुर्ची माझ्या दारातून बाहेर गेलेली नाही. शेजारचा शिंपी म्हणतो, बरं झालं तू पाळणे करत नाहीस.

आता दुसरं खोटं. ती खुर्ची घेऊन मी स्वतः तुझ्या कारखान्यात आलो होतो, टेम्पोवाल्याच्या हाती द्यायला जीव होईना. पण घाई होती म्हणून वॉचमनकडे ठेवून निघालो, असं तुला सांगितलं. घाई कसली? मी आत आलो होतो. तुझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस आणि तुझ्या मागे एक आडदांड माणूस दोन्ही हातांनी खुर्ची वर उचलून उभा. मी ओरडणार, एवढ्यात त्याने ती तुझ्या पाठीत घातली. मी हातातली खुर्ची खाली टाकली नाही एवढंच, आणि टाकली असती तर त्याच्या डोक्यात टाकली असती. तेवढ्यात तू हसलीस. पाठ झटकलीस आणि खाली बसून एकेक तुकडा उचलून बघायला लागलीस. पायांवर तू पेन्सिलने रेघ मारली होतीस, तुकडा त्या रेघेवरच तुटला आहे का ते तपासत होतीस. एक तुकडा तुला टोकदार वाटला. तू तो त्या माणसाच्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालीस, ‘हा तुमच्या डोळ्यात गेला असता. आठही खुर्च्या पुन्हा करणार. माझ्या पाठीवर नीट मोडल्याशिवाय तुमच्या पाठीवर नाही देणार मी.’ तेव्हा कुठे कळलं, की तो दांडगट सिनेमात मार खाणारा आहे आणि तू त्याची काळजी घेते आहेस.

मी मागच्या मागे परत फिरलो. खुर्ची वॉचमनकडे दिली आणि बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. चाळीस वर्षं मी बसून बघतो आणि तू उभी राहून पाठीवर घेऊन बघतेस. दुसऱ्याला द्यायच्या आधी आपल्या अंगावर घ्यायचं, हे मी तुला कधी शिकवलं नव्हतं, तू नुसतं बघून उचललंस. खाण तशी माती म्हणतात. मी मात्र इतकी वर्षं माझीच माती ओळखली नाही. मोडायची खुर्ची म्हणजे खुर्ची न येणाऱ्याचं काम, असं मी म्हणालो होतो ना? कुठे मोडेल, किती मोडेल, कोणाला लागणार नाही, हे आधी सांगता येणं ही माझ्या विद्येच्या पुढची विद्या आहे. मला ती येत नाही. हे त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही.

तर पुन्हा थिएटरात. सगळं सामान मोडून झालं आणि नायकाने कोपऱ्यातली खुर्ची उचलली. मी ती बघताक्षणी ओळखली. त्याने ती खलनायकाच्या डोक्यात घातली. खलनायक आडवा, खुर्ची जशीच्या तशी. नायकाने खुर्चीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हीच काहीतरी फसवलंय. जमिनीवर आपटली, काही नाही. खांबावर आपटली, खांबाला तडा! मग तो खलनायक डोकं चोळत उठला, त्याने खुर्ची हातात घेतली, उलटी केली, सांध्यावरून अंगठा फिरवला, अगदी मी फिरवतो तसा, आणि दमून म्हणाला, ‘ही नाही मोडायची. ही बसायची खुर्ची आहे.’ थिएटर कोसळलं हसून. माझं वाक्य, पाचर! वीस वर्षांपूर्वी आईचं कोपर खात पुटपुटलेलं वाक्य, आणि तू ते जपून ठेवलंस, दिग्दर्शकाच्या गळी उतरवलंस. मग ते दोघं आळीपाळीने तिच्यावर बसून दम खातात, आणि मारामारी थोडा वेळ थांबते. त्या खेळात न हसलेला मी एकटाच असेन. मला चष्मा पुसायचा होता.

दुसऱ्यांदा गेलो ते कोडं सोडवायला. त्या माणसाच्या डोक्यात माझी खुर्ची बसली असती तर तो काही उठून बोलला नसता. म्हणजे तू रबराची दुसरी केली असणार. डोळ्यांत तेल घालून बघितलं, पण माझी कुठली आणि तुझी कुठली ते मला, तिच्या बापाला, ओळखता आलं नाही. तिसऱ्यांदा आईला घेऊन गेलो, तिलाही नाही. लाकडाची रेघ न् रेघ तू उतरवली आहेस, मागच्या डाव्या पायावरची ती गाठसुद्धा. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. घरी येताना शिंप्याला थांबवून सांगितलं, की माझी मुलगी सिनेमातल्या मारामारीच्या खुर्च्या करते, आणि तिच्या तोडीचं कोणी नाही. तो म्हणाला, हे तू मला या महिन्यात चौथ्यांदा सांगतो आहेस. मला तुझा अभिमान वाटतो, हे त्याला चारदा सांगून झालं आणि तुला एकदाही नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता तुझं उत्तर. तू विचारलंस त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी कामाला लागलो होतो. पहिली खुर्ची झाली, बसलो, सातव्या आकड्याला सांधा सुटला. दुसरी चौथ्याला. गेल्या सोमवारी तिसरी. मागे रेललो आणि एक म्हणायच्या आत चारही पाय चार दिशांना, आणि मी खाली. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, मला कुठे लागलं नाही हे पाहिलं आणि म्हणाली, ‘अगदी सिनेमातल्यासारखी मोडली हो!’ मग आम्ही दोघं भुशात बसून हसलो, आणि हसता हसता ती माझा उजवा अंगठा चोळायला लागली. वर्षभर मी तो सगळ्यांपासून लपवत होतो, पण तिला माहीत होतं. पटाशीवर जोर धरत नाही तो आता. डॉक्टर म्हणतात शीर दबली आहे, आणि गेलेला जोर परत येईल असं ते सांगत नाहीत. तुझ्याकडे गेली ती माझी शेवटची खरी खुर्ची होती. ती मोडत नाही हे शेकडो लोकांनी पाहिलं, एवढं पुष्कळ झालं. तेव्हा दहा तारखेची खुर्ची मी करणार नाही. ती तू कर. खुर्ची कुठे मोडते हे जिला कळतं, तिला ती कुठे धरते हेही कळतं. काही अडलं तर तोंड माझं चालतं, अंगठा नसला तरी. मी येत्या गुरुवारी माळ्यावरचं उरलेलं लाकूड घेऊन येतो, आणि या वेळी वॉचमनपाशी थांबणार नाही. झाली की तिच्यावर बसून मी बघेन, वीस आकडे मोठ्याने मोजेन आणि पडलो तर उचलायला तो दांडगट आहेच. तोवर मला टेकायला काहीही दे, फक्त तुझी मोडायची खुर्ची देऊ नकोस.

तुझाच, आणि आता तुझा मदतनीस,
बाबा