तांदळातली बाटली

बाळकुम, ठाणे
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सहाव्या महिन्याचा नमुना संदेशरावांनी मंगळवारी आणून दिला. त्याचा रंग पाचव्या महिन्याच्या नमुन्यापेक्षा गडद आहे. मी तीनदा मोजला. माझं यंत्र माझ्याइतकंच म्हातारं, म्हणून शुक्रवारी श्रियाकडे गेलो. ती पूर्वी माझ्या हाताखाली होती, आता इथल्या एका कॉलेजात फळप्रक्रिया शिकवते. तिच्या नव्या यंत्रावरही आकडा तोच आला. तेव्हा ही बातमी पक्की समज.

जूनमध्ये केलेल्या करवंदाच्या सरबताचा रंग आपण शंभर धरला होता. जुलैत तो एक्क्याण्णव झाला, ऑगस्टमध्ये त्र्याऐंशी, सप्टेंबरमध्ये चौऱ्याहत्तर. इथवर ठीक होतं. ऑक्टोबरात मात्र एकोणऐंशी, मग ब्याऐंशी आणि आता पंच्याऐंशी. दुसऱ्या कोणाला याचा आनंद झाला असता. मला झाला नाही. फळाचा लाल रंग हवेने, उजेडाने, उष्णतेने झिजतो. कधी भरभर झिजतो, कधी हळू, पण गेलेला परत येत नाही. ऑक्टोबरचा आकडा मी हाताची चूक म्हणून सोडून दिला आणि नोव्हेंबरचाही, हा माझा आळस. तीनदा झाली म्हणजे ती हाताची चूक नव्हे.

बाटली कोणती, कपाट कुठलं, नमुना कसा काढतेस, सगळं कागदावर लिहून पाठव. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी विसरतो. तोवर अहवालावर सही करत नाही.

जेली मात्र उत्तम बसली आहे. चमच्याने कापली की कड उभी राहते. करवंद स्वतःच घट्ट होतं, वरून काही घालावं लागत नाही, हे तुझं म्हणणं मान्य. तिचा रंग मोजायचा राहिला, कारण मामीने ती पोळीला लावून संपवली.

संदेशरावांना आणि रंगूबाईंना नमस्कार. मामावरचा लोभ निदान घसरू देऊ नकोस.

तुझा
दौलतमामा

---

डोंबिवली (पूर्व)
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

ती. दौलतमामांस योगिनीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडू आलं, मग तुमचा राग आला. संदेश म्हणतो, तुझ्या मामांना पोरगं पास झालं तरी पेपर फेरतपासणीला टाकायचा असतो. मी हसले नाही, पण पटलं.

विचारलंत ते लिहिते. तुम्ही बारा छोट्या बाटल्या भरायला सांगितल्या होत्या, दर महिन्याला त्यातली एक उघडायची. त्या आठवड्यात छोट्या बाटल्या गिऱ्हाइकांना गेल्या, म्हणून मी दोन लिटरची एक काचेची बरणी भरली. दर एक तारखेला तिच्यातून शंभर मिली काढते आणि संदेशबरोबर धाडते. सांगायचं राहून गेलं असं लिहिणार होते. खरं म्हणजे तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही. बरणी स्वयंपाकघरातल्या बंद कपाटात असते. उजेड नाही, गॅसची आच नाही. तिला कोणी हात लावत नाही. घरात आम्ही दोघंच, आणि गणपतीनंतर सासूबाई गावाहून आल्या आहेत. त्या गोड खात नाहीत.

आता माझं ऐका. देवयानी मॅडम ठाण्यातल्या सहा दुकानांची खरेदी बघतात. सहाशे बाटल्या घ्यायला त्या तयार आहेत. अटी दोनच. लेबलवर कृत्रिम रंग नाही असं असायला हवं, आणि माल नऊ महिने टिकतो असा सही केलेला अहवाल दहा जानेवारीच्या आत हवा. नाहीतर दुकानातली ती फळी दुसऱ्या कोणाला जाईल. मार्चमध्ये मी शाळेतली नोकरी सोडली ती या सरबताच्या भरवशावर. सोसायटीतल्या बायका कौतुकाने एकेक बाटली नेतात, पण कौतुकावर किती दिवस चालवणार? ही फळी मिळाली नाही तर जूनमध्ये मी पुन्हा एखाद्या शाळेत अर्ज घेऊन उभी असेन.

आणि पंच्याऐंशी हा आकडा तुम्ही मनाने लिहिलेला नाही, यंत्राने दिलाय. दोन यंत्रांनी. मग सही करायला काय हरकत आहे, मामा?

मामींना नमस्कार. जेलीची दुसरी बाटली पाठवतेय, ही तरी मोजा. तुमच्या सहीची आणि लोभाची, दोन्हींची वाट पाहते.

तुमची
योगिनी

---

बाळकुम
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोठी बरणी वापरलीस ते कळलं. मी ओरडलो असतो हेही खरं, म्हणून तो विषय इथेच मिटवू.

एक काम कर. दोन लिटरच्या बरणीतून सहा वेळा शंभर मिली काढलंस. म्हणजे तिच्यात आज एक लिटर आणि चारशे मिली उरायला हवं. बरणी बाहेर काढून बघ किती आहे. जास्त असेल तर घरात विचार, पण पोलिसासारखं विचारू नकोस.

यंत्र खोटं बोललं असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढे जे ठेवलं त्याचा रंग त्याने सांगितला. पण ते सरबत जूनचं होतं का, ही माझी शंका आहे. ती फिटेपर्यंत सही होणार नाही. देवयानीबाई तो अहवाल फाइलला लावतील आणि विसरून जातील. तुझी बाटली मात्र आठव्या महिन्यात कोणाच्या तरी फ्रीजवर विटकरी होऊन बसेल, आणि तुझं नाव त्या बाटलीवर असेल.

दुसरी वाटही तुझ्या मनात येऊन गेली असेल. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं मी खाण्याचे कृत्रिम रंगच तपासले. त्यातला लाल चिमूटभर घातला तर वर्षभर हलत नाही. रीतसर वापरला तर तो रंग वाईट नाही, त्यावर माझं घर चाललं. पण तू लेबलवर नाही म्हणून छापलं आहेस. एक डबी माझ्या कपाटात आहे. मागू नकोस, म्हणजे नाही म्हणायची वेळ येणार नाही.

जेली या वेळी मामीच्या आधी मला मिळाली. मोजतो आहे. रागावली असलीस तरी लोभाला झाकण लावू नकोस.

तुझा
दौलतमामा

---

डोंबिवली
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

श्री. दौलतराव यांस रंगूबाईचा नमस्कार. वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडली आहे, अक्षर सांभाळून घ्यावे. संदेशजवळ पिशवी दिली आहे. आत चवळी आहे असे त्याला सांगितले आहे. चवळी वर आहे, खाली बाटली आहे.

काल सूनबाईने ती सरबताची बरणी काढली आणि टेप लावून मोजली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. मग हिला कोणी हात लावला का, असे तिने विचारले. आवाज चढवला नाही. मी मेथी निवडत होते. मी नाही म्हटले. सत्तरी उलटल्यावर सुनेशी खोटे बोलले आणि मेथी तशीच ठेवून आत जाऊन बसले.

बरणी मीच भरत होते. गणपतीनंतर गावाहून आले तेव्हा ती कपाटात अर्धवट दिसली. आमच्याकडे उणी बरणी ठेवत नाहीत. लोणचे असो, कोकमाचे आगळ असो, जेवढी बरणी रिकामी तेवढे वारे आत. वरून बुरसा धरतो, चव उतरते. म्हणून सूनबाईने फ्रीजमधल्या गरातून ताजे सरबत केले की त्यातले थोडे मी तिच्यात ओतायची. नंतर तर ती एक तारखेला काढायची आणि मी दोन तारखेला भरायची. मोलाचे काहीतरी ठेवलेय आणि पोरीचे लक्ष नाही, असे मला वाटले. परीक्षा चाललीय हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नाही.

आता बाटलीचे. गावच्या सड्यावरची, वरच्या कातळावरची करवंदे मी मे अखेर आणली. त्यांचे पहिले सरबत झाले तेव्हा एक बाटली मी तोंडापर्यंत भरून तांदळाच्या डब्यात पुरली, मग भाताच्या लावणीला गावी गेले. नव्या सालची पहिली बाटली पुढल्या सालची करवंदे येईपर्यंत उघडायची नाही, ही माझ्या सासूची रीत. चाळीस वर्षांत मोडली नाही. पण ही एकच बाटली अशी आहे की जिला मीही हात लावलेला नाही. उघडा.

सूनबाईला मी स्वतः सांगेन. आकडा आला की सांगेन. त्याआधी धीर होत नाही.

वहिनींना नमस्कार. आमच्या हातून चुकले, तरी लोभात उणे पडू नये.

रंगूबाई

---

बाळकुम
रविवार, २९ डिसेंबर २०२४

ती. रंगूबाई यांस दौलतचा सा. न. वि. वि.

चवळी आणि बाटली दोन्ही पोचली. बाटली गुरुवारी श्रियाच्या प्रयोगशाळेत उघडली. आकडा एकोणसत्तर आला. तिने मोजला, मी मोजला, मग तिच्या विद्यार्थ्यांनी मोजला. साठच्या खाली गेलं की डोळ्याला लाल न वाटता विटकरी वाटतं. म्हणजे सात महिन्यांनंतरही तुमची बाटली लाल आहे.

तुम्ही चुकलात असं लिहिलंत. निम्मंच चुकलात. बरणी उणी ठेवू नये हे अगदी खरं आहे. रिकाम्या जागेतली हवाच रंग खाते. योगिनी बाटली भरताना वर तीन बोटं मोकळी सोडते आणि बरणी तर महिन्या-महिन्याला रिकामी होत होती, म्हणून तिचा रंग तीनच महिन्यांत चौऱ्याहत्तरवर आला. तुमची तोंडापर्यंत भरलेली, अंधारात, तांदळाच्या गारव्यात राहिली. हे मी तिला जूनमध्येच सांगायला हवं होतं. एकतीस वर्षं रंग मोजण्यात गेली, बाटली भरण्याकडे लक्ष गेलं नाही. चूक एवढीच झाली की उणं भरून काढायला तुम्ही सरबतच घेतलंत.

बाटली परत पाठवतो आहे. नमुन्यापुरतं सरबत काढलं, पण ती उणी नाही. काचेच्या बावीस गोट्या उकळून, वाळवून आत सोडल्या आहेत. सरबत पुन्हा गळ्याशी आलं आणि त्यात बाहेरचा एक थेंब गेलेला नाही. बाळकुम नाक्यावरचा दुकानदार विचारत होता, कितवा नातू. मी म्हटलं, विहीणबाईंसाठी.

बाटली पुन्हा तांदळात ठेवा. तुमची रीत मी मोडली, पण फार नाही असं समजा. योगिनीला सांगितलंत की मला कळवायला सांगा. अहवाल लिहून तयार ठेवतो. लोभ आहे तसाच, तोंडापर्यंत भरलेला असू द्यावा.

आपला
दौलत

---

डोंबिवली (पूर्व)
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ती. दौलतमामांस योगिनीचा सा. न. वि. वि.

तुमचा अहवाल काल देवयानी मॅडमच्या हातात दिला. मुदतीचा शेवटचा दिवस होता. अहवाल मिळाल्याचं त्यांनी माझ्यासमोर सही करून दिलं.

नऊ महिन्यांच्या जागी सात बघून त्यांनी चष्मा काढला. एकोणसत्तरवरून पुढचा हिशेब केला तर नऊ महिने जेमतेम निघतात, हे तुम्ही खाली लिहिलंय, मग वर सात का, असं त्यांनी विचारलं. एका बाटलीत मामांनी सातच महिने पाहिले आहेत, म्हणून सातवर सही केली, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की नवाचे अहवाल त्यांच्याकडे गठ्ठ्याने येतात, कोणी न पाहता लिहिलेले. मग म्हणाल्या की तरीही नियम नऊचाच आहे, वर विचारावं लागेल. सहाशे बाटल्या आता नाहीतच. झाल्या तर दोनशे, फक्त दोन दुकानांत. शुक्रवारी, सतरा तारखेला कळवणार आहेत. मी आशा धरलेली नाही असं लिहिते, पण धरली आहे.

सासूबाईंनी मला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं, उभ्या उभ्या, ओट्याशी. मला राग आला होता. तीन महिन्यांचे आकडे गेले होते, आणि त्या दिवशी त्यांनी तोंडावर नाही म्हटलं होतं. दोन दिवस आम्ही मिठाइतकंच बोललो. तिसऱ्या दिवशी मी नवी बाटली भरत होते. त्या मागून येऊन म्हणाल्या, अगं, अजून दोन बोटं भर. मी भरली. तेव्हापासून बोलतो आहोत. आता बाटल्या नखभर जागा सोडून भरतो, आणि चाचणीच्या बारा छोट्या बाटल्या वेगळ्या काढल्या आहेत. त्या कपाटाला कुलूप आहे. किल्ली सासूबाईंकडे आहे. त्यांनीच मागून घेतली.

संदेश चवळीच्या पिशवीवरून अजून रुसलेला आहे. त्याचं म्हणणं, आपल्याला घरात हमाल ठरवलंय.

शुक्रवारी देवयानी मॅडम हो म्हणाल्या तर दोनशे बाटल्या फेब्रुवारीत जातील. नाही म्हणाल्या तर शाळेचा अर्ज लिहीन, पण सरबत सोडणार नाही. मे अखेर गावाहून करवंदं आली की तांदळातली बाटली निघेल. बारावा महिना लागलेला असेल. तेव्हा रंग साठच्या वर आहे की खाली, ते तुम्ही सांगाल. त्या नमुन्याने बाटलीत जेवढं उणं पडेल, तेवढ्या गोट्या सासूबाईंनी आत्ताच उकळून फडक्यात बांधून ठेवल्या आहेत.

मामींना नमस्कार. लोभ मेपर्यंत पुरेल एवढा तरी असावा.

तुमची
योगिनी