वर्षाला सहा मैल

इद्रिस मामा,

तुझी लाल स्पोर्ट्स कार विकायला काढलीय, हे फोनवर सांगायचं धाडस होत नाहीये.

वृद्धाश्रमात जाताना तू चावी माझ्या हातात दिलीस, त्याला तीन वर्षं झाली. दर रविवारी फोनवर विचारतोस, "काय गं, आज कुठवर गेलीस?" मी कधी टेनबीचा समुद्र सांगते, कधी ब्रेकनचे डोंगर. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी ती चढावर बंद पडली, मागे हॉर्न वाजायला लागले, आणि मी जी घाबरले ती घाबरलेच.

आज गिऱ्हाईक आलं. त्याने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून वार्षिक तपासणीतली मैलांची नोंद काढली आणि हसला. "पोरी, वर्षाला सहा मैल? ही नुसती तपासणीला जाऊन येते की."

मान वर करवेना. ही नोंद कुणालाही बघता येते, हे तूच मला शिकवलंस. म्हणजे तुला सगळं माहीत होतं, आणि तरी तू दर रविवारी विचारत राहिलास.

गिऱ्हाइकाला परत पाठवलं. हे पत्रही पाठवणार नाही, तोंडानेच सांगेन. रविवारी गाडी घेऊन येते. वाटेत तो चढ आहे, उशीर होईल. जेवायला थांबू नकोस.

तुझी खोटारडी भाची,
केरिस