सोफ्याच्या जागी एक्सल

केडगाव,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप बायडाआत्यांच्या चरणी (गुडघ्यांना धक्का न लावता) रोहिणीचा नमस्कार.

"जिला थांबायची अक्कल न्हाई, त्या गाडीत बायडा बसायची न्हाई." हे वाक्य तुम्ही अण्णांना ऐकवलंत तेव्हा जीप नाकापर्यंत कडब्याच्या गंजीत घुसली होती, तुमच्या अंबाड्यात कडबा अडकला होता आणि तुमच्या मांडीवरच्या मला तुम्ही इतकं घट्ट धरलं होतं की मी रडायचंसुद्धा विसरले. तुमचा संताप मला आजही ऐकू येतो. पण त्याहून जास्त आठवते ती तुमची पकड.

असो. तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल लावता, की लावलं असं रामहरीदादाला नुसतं सांगता? नेवाशाकडची कपाशी कशी आहे? (समोर मी तुम्हाला तू म्हणते. पण पत्रात मोठ्या माणसांना तुम्ही लिहायचं, हे अण्णांनी माझ्या हातून पाटीवर गिरवून घेतलंय.) पत्र अशासाठी, की फोनवर 'जीप' हा शब्द आला की तुमच्याकडची रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही, आणि कुठलीही गोष्ट अर्धी टाकायचा तुमचा स्वभाव नाही. म्हणून आता पुढचं वाचाच.

त्या दिवसानंतर तुम्ही अण्णांच्या जीपमध्ये कधीच बसला नाहीत. वरच्या माळावर सीताफळांकडे जायचं असलं की तुम्ही पायी निघायचात आणि अण्णा शेजारून पहिल्या गिअरमध्ये जीप चालवायचे. आख्खा चढ तुम्ही दोघं एकमेकांशी भांडत जायचात, एक रस्त्यावरून, एक खिडकीतून. मला तेव्हा वाटायचं, बहीणभाऊ असेच फिरायला जातात. आता अण्णा नाहीत, तुमचे गुडघे चढत नाहीत, आणि तुम्ही लावलेली सीताफळं माकडंच खातात.

अण्णा गेल्यापासून जीप मी चालवते. मागच्या उन्हाळ्यात माळाच्या त्या खडकाळ वळणावर मागून कडाड असा आवाज आला आणि जीप खाली बसली. इथले आपले मेकॅनिक खाजाभाई (अण्णांचे जुने दोस्त, तुम्ही त्यांच्या हातचा चहा गोड म्हणून ओतून दिला होता तेच) जीपखाली गेले, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाले, "ताई, एक्सल गेला. आता ह्याला दुरुस्त करायचा का पुरायचा, तेवढं सांगा." मागच्या दोन चाकांना जोडणारा तो जाड लोखंडी दांडा, म्हणजे एक्सल. नवा घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणून सोफ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भंगारवाल्याकडून एका मोठ्या पिकअपचा एक्सल आणला. तो जीपपेक्षा हातभर रुंद निघाला. तो बसल्यापासून आमची जीप पुढून मुलगी आणि मागून म्हैस दिसते.

पण आणला तेव्हा त्या एक्सलला ब्रेक जुन्याच पद्धतीचे, बंद डब्यातले होते. तेव्हा खाजाभाईंनी एक गोष्ट सांगितली आणि मी हातातला पाना खाली ठेवला. ओढ्यातून गाडी गेली की असल्या डब्यात पाणी शिरतं, आणि ते सुकेपर्यंत ब्रेक लागत नाही. आत्या, त्या दिवशी आपण ओढा ओलांडूनच तर उतारावर आलो होतो! अण्णा आयुष्यभर म्हणत राहिले, "मी ब्रेक दाबला हुता गं." खरंच दाबला होता त्यांनी. म्हणून मी ठरवलं, पुढच्या चाकांना नंतर बसले तसे मागेही उघड्या डिस्कचेच, म्हणजे चकतीचे, ब्रेक बसवायचे; त्यात पाणी साठत नाही. अपघात झालेल्या एका मोटारीच्या दोन डिस्का आणि दोन कॅलिपर मिळाले. (कॅलिपर म्हणजे डिस्क चिमटीत धरणारा. तुमच्यासारखीच पकड.)

आता जागा नव्हती म्हणून एक्सल ओसरीत दोन स्टुलांवर ठेवला, म्हणजे सोफा जिथे येणार होता तिथेच. येणारे-जाणारे त्याच्यावर बसू लागले. शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, "वहिनी, सोफा लई कडक हाय वो, आन् खालून टोचतो बी." आमच्या यजमानांचा, वैजनाथरावांचा, पाहुणचाराचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. साळूबाईंना टोचू नये म्हणून त्यांनी एक्सल उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी खाजाभाई काष्टीच्या बाजाराला गेलेले, वेल्डिंगवाला आला आणि कॅलिपर बसवायच्या पट्ट्या तशाच, उलट्या एक्सलला डकवून गेला. पुढे एक्सल सुलटा होऊन जीपखाली गेला. पट्ट्यांना रंग लागला होता, कोणाला काही कळलं नाही.

मग ब्रेकच्या तेलातली हवा काढायची वेळ आली. एकानं आत बसून पॅडल मारायचं आणि "धरला!" ओरडायचं, दुसऱ्यानं खाली कॅलिपरचा बारीक स्क्रू ढिला करून हवा सोडायची. हवा संपेना. पॅडल गोधडीसारखं मऊ ते मऊच. आधी मी मारलं, मग वैजनाथनी, मग साळूबाईंनी, मग दूधवाल्यानं. "धरला!" हा शब्द गल्लीत इतका झाला, की कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काय चोर धरला का, म्हणून येऊन पाहिलं.

खरं सांगू, तेव्हा मला रडू यायला लागलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं सोफा सोडून हे कशाला मांडलं, असं मलाच वाटे. त्याच सुमाराला आमच्या शेळीच्या पोरक्या पिल्लाला मी बाटलीनं दूध पाजत होते. बाटली उलटी धरलेली, पिल्लू ओढतंय, आणि बुडबुडे सगळे वर, बुडाकडे जातायत. मी पिल्लाच्या तोंडातून बाटली काढली (त्यानं मला अजून माफ केलेलं नाही) आणि तशीच जीपखाली शिरले. पट्ट्या उलट्या डकवलेल्या, म्हणून हवा सोडायचा स्क्रू दोन्ही कॅलिपरना खालच्या बाजूला होता! हवा बिचारी वर बसून आमची गंमत बघत होती.

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे केला. स्क्रू वर आले, हवा गेली, पॅडल दगडासारखं झालं. खाजाभाईंनी कपाळाला हात लावला. "ताई, कुनाला सांगू नका." मी सांगत नाही. (तुम्ही घरातल्याच.)

परवा मी ओढ्यातून जीप नेली, मुद्दाम दोनदा, आणि त्याच उतारावर ब्रेक दाबला. जीप थांबली. गंजी होती ती जागा अजून पुढे होती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले आणि मला फार बरं वाटलं. बाकी सगळं छान आहे. काळजी नसावी.

तुमची,
रोहिणी

ता. क. : एक गोष्ट लपवत नाही. या मोटारीच्या कॅलिपरना हँडब्रेक जोडता येत नाही. उतारावर गाडी उभी केली की वैजनाथ उडी मारून चाकाखाली दगड लावतात. दगड चांगला आहे. तुम्हाला पसंत नसेल तर दुसरा निवडा.

ता. क. दुसरा : आत्या, इथे तू लिहिते, अण्णा रागावले तर रागावू देत. माळावरच्या सीताफळांना डोळे पडलेत, आता पिकतीलच. पुढच्या रविवारी पाथर्डीच्या एस.टी.नं आपल्या फाट्यावर उतर आणि तिथून माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बस. तू न्हाई म्हणशील, मला ठाऊक आहे. नुसतं ओढ्यापर्यंत बस. नाही पटलं तर उतर आणि चाल. मी पहिल्या गिअरमध्ये शेजारूनच येईन, आणि दमलीस की दार उघडेन. बसशील?