कुंकवाचं बोट

९ जानेवारी
दसऱ्याला कदमच्या कानाखाली वाजवली, तिथूनच सगळं फिरलं. मरोळच्या आमच्या पॅकिंग युनिटात मशीनपूजा. मॅनेजर कदम मशीनना टिळे लावत लावत आमच्या पॅकिंगच्या टेबलापाशी आला आणि तेच कुंकवाचं बोट माझ्या शेजारी काम करणाऱ्या रेश्माच्या भांगात ओढलं. भांगात! वर लोक हसले. त्याआधी कित्येक महिने खांद्यावर हात, घाणेरडे मेसेज. ती तक्रार लिहीत होती, मला ठाऊक नव्हतं. मी मारलं. नोकरी गेली, खड्ड्यात जाऊ दे.
आज कंपनीच्या तक्रार समितीचं उत्तर आलं तिला. सणाची थट्टा, आणि पुढे दोन पुरुषांचं भांडण.
दोन पुरुषांचं. म्हणजे ती कुठेच नाही.

२ मार्च
रेश्माने दिवाणी दावा लावला, कदम आणि कंपनीवर. नुकसानभरपाईचा. मी भडकलो, पैसे कसले मागतेस, आत टाक त्याला!
"पैशाचं सोड रे. हे झालं, एवढं कोर्टाने लिहून द्यावं."
माझ्यासारख्या एसवाय अर्धवट सोडलेल्याला पण कळलं. हिरवी ओढणी होती तिची.

१८ जून
कदमचं कोर्टात उत्तर : म्हणे माझंच रेश्माशी लफडं, मी जळून त्याला मारलं, मग आम्ही दोघांनी मिळून कुभांड रचलं. लफडं! तिला अजून मनातलं बोललो पण नाही यार.
आमच्याच टेबलावरच्या शोभाताईने दसऱ्याला स्वतःच्या पदराने तिचा भांग पुसला होता. आज म्हणते, "मी प्रसाद वाटत होते, बाबा."
रेश्माच्या वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार तू एकटाच. साक्ष होईपर्यंत तिला भेटायचं नाही, फोन नाही.
किती दिवस?
"दिवस? वर्षं म्हण."

२५ जून
गेलोच. घाटकोपरला, तिच्या घरी. आई दारातच, "जरा दम धरूक काय झालेला तुका? आता माझ्या चेडवाचा लगीन कसा होतला?"
रेश्माने तिला आत पाठवलं. मग मला, "त्यांचा वकील विचारणार, हिच्यावर प्रेम आहे का. काय सांगशील?"
"खरं ते."
"मग संपली केस."
"शपथेवर खोटं बोलू?"
"जमतं का बघू दे. बोल."
बोललो. "नाही. तसलं काही नाही माझं."
बघत राहिली. हात भांगापर्यंत गेला, खाली आला.
"जमतं की रे तुला."
चपला घातल्या. बाहेर आलो. दार मीच ओढून घेतलं.